एक घास दिसू दे

कडी नीट बसली नव्हती, एवढंच झालं. रविवारची दुपार, मी मोरीत उभा. एका हातात पाव, दुसऱ्या हातात उकडलेलं अंडं, मिठाची पुडी साबणाच्या वडीशेजारी, आणि नळ बारीक सोडलेला, चावण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आमच्या घरात संडास आणि मोरी एकाच दाराआड आहेत, त्यामुळे तिथे माणूस वेळ काढतो याचं कुणाला नवल वाटत नाही. दार ढकललं गेलं आणि समोर माझी साडेचार वर्षांची मुलगी. पाठीला तिची छोटी पिशवी, पिशवीतून निघालेली नळी फ्रॉकखाली पोटाकडे गेलेली, हातात कान तुटलेला ससा. माझे दोन्ही गाल फुगलेले, घास तसाच तोंडात. ती ओरडली नाही, हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती ओशाळली. बघू नये ते बघितलं गेल्यावर माणूस ओशाळतो तशी. "सॉरी बाबा," म्हणाली, आणि तिला शिकवलंय तसं हलकेच दार ओढून घेतलं. बाहेर क्षणभर थांबली असावी. मग तिचा आवाज आला, समजूतदार, जरा मोठ्या बाईसारखा. "झालं की पाणी ओत हं." मला घास गिळवेना आणि थुंकवेना. नळ वाहतोय, आरशात एक फुगलेल्या तोंडाचा चाळिशीतला माणूस उभा आहे, मिशीला अंड्याचा पिवळा कण. शेवटी मी तो घास संडासाच्या भांड्यात थुंकला आणि पोरीनं सांगितल्याप्रमाणे पाणी ओतलं.

तिला सगळे ढमी म्हणतात. हे नाव तिच्या मावशीनं ठेवलं, काचेच्या पेटीतल्या दीड किलोच्या जिवाला बघून. "ढमे, ये बाहेर लवकर, तुला उचलायला दोन माणसं लागणारेत," असं ती काचेला तोंड लावून म्हणाली आणि मग जिन्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडली. सहाव्या दिवशी ढमीच्या पोटातलं आतडं पिळलं गेलं. ओला कपडा पिळतात तसं. पिळलं, रक्त थांबलं, काळं पडलं. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर बाहेर आला तेव्हा मी विचारलं, किती काढलं? तो म्हणाला, किती राहिलं ते विचारा. एक वीत आणि वर चार बोटं. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दोरांची लांबी मला कुणी समजावून सांगायला नको. धडधाकट माणसाच्या पोटात वीस-बावीस फूट आतडं असतं, म्हणजे दोन मजले पुरेल एवढं. ते मी रोज फुकट बाळगून हिंडतो आणि माझ्या पोरीकडे एक वीत. पहिली दोन वर्षं हॉस्पिटलात गेली. तोंडातून नळी, नाकातून नळी, घशातला बेडका ओढून काढायची नळी, गालावरची चिकटपट्टी फाडताना सोबत येणारी साल, कडू औषधाची पिचकारी. आपल्याला तोंड म्हटलं की चव आठवते. तिला आठवते ती मारहाण. मग पोटावर एक बटण बसवलं, त्यातून थेट आत दूध जायला लागलं आणि तोंडाची सुटका झाली. कान जसे दुधासाठी नसतात तसं तोंडही नसतं, असं तिच्या मनानं एकदाचं ठरवून टाकलं. उरलेलं आतडं हळूहळू शहाणं होत होतं, डॉक्टर खूश होते, म्हणाले आता तोंडानं द्या. जणू आम्हीच ते अडवून धरलं होतं! शिजत्या भाताचा वास आला की ती ओकायची. चमचा दिसला की ओकायची. पोटात काही नसलं तरी ओकायची.

त्या दिवसांतली गोष्ट. मी जमिनीवर बसून जेवत होतो, ढमी माझ्या मांडीला टेकून बसलेली, दोन वर्षांची. त्या दिवशी ती ओकली नाही. तिनं ताटाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, हात तोंडाशी गेला तसं तोंडाकडे, आणि मी गिळलं तेव्हा माझ्या गळ्याकडे. मग स्वतःच्या पोटावर, त्या बटणावर, हात ठेवला. बस, एवढंच. पण मला वाटलं मी तिच्या खिशात हात घालून चोरी करतोय आणि ती बघतेय. मी उठलो, ताट झाकलं, आणि त्या दिवसापासून तिच्यासमोर घास घेतला नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर माझं मी भोगलं असतं. आठवडाभरानं कामावरून आलो तर तिची आई ढमीजवळ बसून निवांत जेवतेय, मध्ये मध्ये तिच्याशी गप्पा मारतेय. माझं डोकंच फिरलं. मी ताट लाथेनं उडवलं. "लाज नाही वाटत? उपाशी पोरीसमोर गिळतेस?" ताट फरशीवर गोल गोल फिरत राहिलं, थांबेचना, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. तिची आई भात वेचायला लागली, एकेक शीत. मान वर न करता म्हणाली, "ती उपाशी नाही. तिचं पोट भरलंय. उपाशी तुम्ही आहात." हे वाक्य तेव्हा मला उर्मट वाटलं होतं. त्यानंतर ती स्वयंपाकघराचं दार लावून जेवायला लागली. मावशी आली की ती जिन्याच्या पायरीवर डबा उघडायची. टीव्हीवर कुणी काही खाताना दिसलं की मी चॅनल बदलायचो. अडीच वर्षं आमच्या घरात कुणी जेवलं नाही. म्हणजे सगळे जेवत होते. दाराआड, पाठ करून, भराभरा.

आणि मला याचा अभिमान होता, हे लिहायला हात कचरतोय म्हणूनच लिहितो. उंच इमारतींच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली असते, तिथे मी माझा डबा खायचो. ग्रीसचा वास, ब्रेकचा खटका, दोर खाली-वर. मशीन बंद करून दोरावरून फडकं फिरवायचं, एखादी तार तुटली असेल तर फडक्याला अडकते, मग कळतं. दुपारभर ते काम करावं आणि मशीनच्या आडोशाला बसून जेवावं. आमचं काम जोडीनं चालतं. माझा जोडीदार खादाड, डब्यातलं झाकणापर्यंत पुसून खाणारा. तो म्हणायचा, "लेका, घरी बायको जेवू घालत नाही का? इथे चोरासारखा काय जेवतोस?" मी त्याला सांगितलं. तो चावायचा थांबला. "धन्य आहे तुझी," म्हणाला, "असा बाप बघितला नाही." मी ते शब्द घरी घेऊन आलो, बक्षीस मिळाल्यासारखे. आज त्याचं ते वाक्य जसंच्या तसं खरं वाटतं. असा बाप कुणी बघितला नसेल.

हॉस्पिटलनं मग खेळाची खोली सुचवली. बारा आठवडे, आठवड्यातून एकदा, दर मंगळवारी. बाराव्यानंतर फाइल मोठ्या डॉक्टरांकडे जाणार. मूल एक पायरी जरी चढलं असेल तर पुढचे बारा, नाहीतर यादीतलं पुढचं मूल. यादी लांब होती. मोठे डॉक्टर आम्हाला तोंडावर म्हणाले, "पाच वर्षांच्या आत तोंड शिकलं तर शिकलं. नंतर नळीच तिची सवय होते, आणि सवय आयुष्यभर पुरते." खोलीतली बाई, जिला सगळी मुलं खेळताई म्हणायची, तिशीची, नखांत कायम रंग. तिचा एकच नियम होता. या खोलीत कुणी 'खा' म्हणायचं नाही. मी मनात म्हटलं, ठीक आहे बाई. पण तो शब्द अडवायला गेलो तेव्हा कळलं की आपलं सगळं बोलणंच खाण्यावर उभं आहे. आपण शपथ खातो, मार खातो, बोलणी खातो, लोकांचं डोकं खातो, ऐन वेळी कच खातो. मी तोंड उघडलं की तो शब्द दाराशी उभा. म्हणून गप्प बसायचो आणि बघायचो. पहिल्या मंगळवारी टेबलावर एक उकडलेला बटाटा होता, नुसता, आणि ढमी दाराला चिकटून किंचाळत होती. खेळताईनं बटाट्याला टोपी घातली. त्याला ताप आलाय म्हणाली, त्याच्या कपाळाला हात लावला. ढमी थांबली. तापातलं तिला सगळं कळतं. तिसऱ्या मंगळवारी तिनं बटाट्याला सुई टोचली. चौथ्याला त्याच्या पोटात स्ट्रॉ खुपसून त्याला दूध दिलं. पाचव्याला दह्यात एक बोट बुडवलं आणि काचेवर त्याचा ढग काढला. सातव्याला बिस्किटाचा चुरा हनुवटीला लागला आणि ती ओकली नाही. तिच्या आईनं माझा दंड एवढा आवळला की नखं उमटली. आठव्यानंतर मात्र गाडी अडकली. बोटं, हनुवटी, गाल इथवर सगळं चालायचं. ओठांशी आलं की ढमी सगळं खाली ठेवून म्हणायची, "आता नको, लोक आहेत." खेळताई ते लिहून घ्यायची, पेन दातांत धरून विचार करायची, तिला उलगडा होत नव्हता. मला होत होता. पहिल्याच दिवशी एक छापील कागद भरून घेतला होता. त्यात प्रश्न होता, मूल घरच्यांना रोज जेवताना बघतं का? मी 'हो'वर खूण केली होती. तिच्या आईनं माझ्याकडे बघितलं होतं आणि काही बोलली नव्हती. तिला ताट आठवलं असणार.

त्या रविवारी संध्याकाळी ढमी आईच्या मांडीवर बसून सांगत होती, "बाबा आत जेवत होता ना, तर मी दार लावलं. मी कुणाला सांगितलं नाही." चांगलं काम केल्याच्या थाटात सांगत होती, शाबासकीची वाट बघत. तिच्या आईनं तिचे केस मागे सारले. माझ्याकडे बघितलंही नाही. "मंगळवारी मी बोलणार आहे," एवढंच म्हणाली. आणि बोलली. खेळताईनं ऐकून घेतलं, हातातला कागदाचा मासा खाली ठेवला. ढमी कोपऱ्यात सशाला पट्टी बांधत होती. "म्हणजे हिनं आजवर कुणाला गिळताना बघितलेलंच नाही?" मी म्हटलं, लहान असताना बघितलंय. "अहो, मी दोन महिने हिला सांगतेय की यात भ्यायचं काही नाही. आणि तुम्ही घरी सांगताय की ही दार लावून करायची गोष्ट आहे. पोर आठवड्याला पाऊण तास माझी आहे, बाकी सगळी तुमची. कुणाचं ऐकेल?" चूक आपली असली की माणूस जास्त ओरडतो. मी ओरडलो. म्हटलं, तुमच्या बटाट्याला टोप्या घालून कुणाचं पोट भरलंय आजवर? तुम्ही पगार घेऊन खेळता, आम्ही इथे जळतोय. मी तिच्यासमोर ताट मांडून बसायचं? पांगळ्यापुढे नाचायचं? खेळताई उठून गेली नाही. "ओरडा," म्हणाली, "सगळे बाबा एकदा ओरडतात. तुम्ही उशीर केलात. पण ती पांगळी आहे हे तिला कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं." मग आवाज उतरवून म्हणाली, "आजपासून तिच्यासमोर जेवा. तिला काही देऊ नका, विचारू नका. फक्त जेवा."

त्याच संध्याकाळी आम्ही चटई घातली. भात, उकडलेल्या भाज्या, दही. तिची आई जेवायला बसली आणि जेवली. बायका हे कसं करतात मला माहीत नाही, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि घास चाललेत. ढमीनं तिला बघितलं, लगेच माझ्याकडे बघितलं, आणि उठून आतल्या खोलीत गेली. जाताना दार लावून घेतलं. माझा हात ताटात होता. भाताचा घास केला, उचलला, आणि घशात काहीतरी आडवं आलं, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते तसं. खाली जाईना, वर येईना. मी उठून मोरीत गेलो आणि कोरडा ओकलो. पोटात काही नसताना. पोर जसं करते अगदी तसं. त्यानंतर रोज हेच. ती घरात नसली तर मी दगडसुद्धा पचवला असता, ती समोर आली की संपलं. जोडीदार म्हणाला, "वाळलास की रे, डाएट चाललंय का?" मी त्याला शिवी दिली. दहाव्या आणि अकराव्या मंगळवारी तिची आई खेळाच्या खोलीत जेवली. दोन्ही वेळा ढमी टेबलाखाली गेली आणि दुसऱ्या वेळी ओकली. अकरावा संपल्यावर खेळताईनं मला दारात थांबवलं. "तुमच्या लक्षात आलंय का? आईनं घास उचलला की ती आईकडे बघत नाही. तुमच्याकडे बघते. बाबा चिडतो का ते बघते." दोन वर्षांचं पोर फिरतं ताट विसरेल असं मी का धरून चाललो होतो? "आईचं काम नाही हे. तुमचं आहे. पुढच्या मंगळवारी मला बाकी काही नको. तुम्ही तिच्यासमोर बसा आणि तिला एक घास तुमच्या तोंडात जाताना दिसू दे. एकच. ते बघत ती मिनिटभर जरी बसून राहिली, तरी मी पायरी चढली म्हणून लिहीन. पुढचे बारा आठवडे मी भांडून आणीन."

मधल्या आठवड्यात एका जुन्या इमारतीच्या लिफ्टचं काम निघालं. मी लिफ्टच्या टपावर बसून शाफ्टमधून हळूहळू वर चाललो होतो, मजल्यामागून मजला, प्रत्येक दाराच्या फटीतून उजेडाची रेघ. तेव्हा ते पुन्हा आलं, जे मी साडेचार वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, तिच्या आईलाही नाही. ती आतडं कापायची दुपार. ढमीला आत नेलं, तिची आई वरच्या मजल्यावर टाके घातलेली पडून, आणि मी दोन दिवसांचा उपाशी. कुणीतरी म्हणालं, जा, काहीतरी पोटात घाल. मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गेलो. गरम भात होता, वर पातळ काहीतरी. आणि मला ते आवडलं. आयुष्यात एवढं चविष्ट मी काही खाल्लं नव्हतं, त्याआधी नाही, त्यानंतर नाही. घाम फुटेस्तोवर जेवत होतो. वरच्या कर्ण्यातून माझं नाव पुकारलं. बाळाच्या वडिलांनी ताबडतोब वर यावं. मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि आणखी दोन घास घेतले. एक मोठा, एक त्याहून मोठा. मग पळालो. वर कागद पुढे केला, जास्त काढावं लागणार आहे, सही करा. मी सही केली तर कागदावर तेलाचा अंगठा उमटला. डॉक्टर नंतर म्हणाले होते की त्या मिनिटभराच्या उशिरानं काही फरक पडला नाही. डॉक्टरला माझ्या तोंडातली चव माहीत नव्हती. तिच्यासमोर जेवायचं म्हणजे ते दोन घास तिच्यासमोर घ्यायचे, हे मला टपावर बसल्या बसल्या कळलं. माझी दया, माझा त्याग, जोडीदाराचं ते धन्य-धन्य, सगळं बकवास. मी पोरीपासून जेवण लपवत नव्हतो. मी स्वतः लपत होतो आणि माझ्या लपण्याला तिनं घरचा नियम समजून शिरसावंद्य मानलं होतं. कळलं खरं. पण कळलं म्हणून घसा उघडतो थोडाच! रोग ओळखला की बरा होतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून बघावं.

बारावा मंगळवार. मी आदल्या दिवसापासून मुद्दाम काही खाल्लं नव्हतं, भूक तरी मदतीला येईल म्हणून. खोलीत बुटकं टेबल, त्यावर पांढरी ताटली, ताटलीत केळ्याचे आठ काप. भिंतीशी बाकावर अस्वल, माकड आणि ढमीचा ससा, खेळताईनं त्यांना बघे म्हणून बसवलेलं. तिची आई छोट्या खुर्चीत गुडघे आवळून बसलेली. खेळताई जमिनीवर. ढमी माझ्या समोर, पिशवी पाठीला, पाय लोंबकळत. पिशवीतला पंप मध्ये मध्ये कुरकुरत होता, म्हणजे तिचं जेवण चालू होतं. खेळताई म्हणाली, "ढमे, आज बाबा एक गंमत करणारेत, आपण नुसतं बघायचं." मी एक काप उचलला. बोटांना तो थंड आणि बुळबुळीत लागला. हात टेबलापासून छातीपर्यंत आला. ढमी माझ्या हाताकडे बघत होती, मग तोंडाकडे. पळाली नाही, टेबलाखाली गेली नाही. बसून होती! तिच्या आईचा श्वास थांबलेला मला ऐकू येत होता. मग ढमीनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. या पोरीला अक्षर वाचता येत नाही, पण चेहरे वाचता येतात. सुई कोण टोचणार हे ती दारातूनच ओळखते. तिनं माझा चेहरा वाचला. तिच्या कपाळाला आठी पडली, काळजीची. "थांब बाबा," म्हणाली.

ती खुर्चीवरून उतरली. आधी बाकापाशी गेली आणि अस्वलाला उचलून भिंतीकडे तोंड करून बसवलं. मग माकडाला. सशाचं तोंड तिनं हातानंच झाकलं आणि त्यालाही फिरवलं. मग आईपाशी आली. "आई, तिकडे बघ ना." तिच्या आईनं खेळताईकडे बघितलं, खेळताईनं मान हलवली, करू दे तिला. आई वळली. "ताई, तू पण. नाहीतर त्याला लाज वाटते." खेळताई वळता वळता माझ्याकडे बघत होती, डोळ्यांनी सांगत होती, बोला, आता बोला. मला काय करायचं होतं? ढमे, बाळा, नको, इकडे ये, माझ्याकडे बघ. एवढंच म्हणायचं होतं. एवढंच म्हणायला मी बारा आठवडे आणि साडेचार वर्षं घेऊन तिथे आलो होतो. ढमी सगळ्यांत शेवटी भिंतीपाशी गेली, भिंतीला कपाळ टेकलं, दोन्ही तळव्यांनी डोळे घट्ट झाकले. "आता कुणी बघत नाहीये," ती म्हणाली. "जेव तू. सावकाश."

माझ्यासमोर पाठी होत्या. अस्वलाची, माकडाची, सशाची. तिच्या आईची, ब्लाउजची शिवण खांद्यावर उसवलेली. खेळताईची मान ताठ, कान माझ्याकडे. आणि ती एवढीशी पाठ, पिशवीनं अर्धी झाकलेली. माझा घसा मोकळा झाला. इतका सहज, की मला स्वतःची किळस आली. तोंडाला पाणी सुटलं. मी काप तोंडात टाकला. गोड होता. दुसरा टाकला. मला थांबायचं होतं, दुसऱ्यानंतर तरी थांबायचं होतं, तिला हाक मारायची होती, अजूनही वेळ होती, तोंडात घास होता तोवर वेळ होती. मी तिसरा घेतला, चौथा घेतला. या अख्ख्या शहरात माझ्याइतकं बिनआवाज कुणी जेवत नसेल. आठही काप संपवले. खेळताईचे खांदे हळूहळू खाली आले. तिनं पेनाला टोपण लावल्याचा टक आवाज झाला.

"झालं?" ढमीनं भिंतीला विचारलं.

मी मनगटानं ओठ पुसले, दातांवरून जीभ फिरवली, कुठे काही राहिलं नाही ना ते बघितलं, आणि मगच म्हणालो, "हो. वळा आता."